मेणबत्ती विझली, पाणी चढलं आणि मी चुकीचं उत्तर दिलं

मंडळी, गेल्या वेळी आपण लिटरेचर रिव्ह्यू कसा करायचा ते पाहिलं होतं. यावेळी रिसर्च मेथडॉलॉजीचा पुढचा भाग लिहायचा ठरलं होतं, पण तो थोडा बाजूला ठेवते. गेल्या गणपतीत एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाहीये. शिवाय 'कंट्रोल म्हणजे काय' हे पुस्तकी व्याख्येपेक्षा या गोष्टीतून जास्त नीट कळेल, असं मला वाटतं.

नाशिक रोडला, आमच्या जेल रोडच्या बाजूला, एका मंडळाने यंदा ठरवलं की देखाव्यावरचा थोडा खर्च वाचवून तीन संध्याकाळी 'घरच्यांसोबत विज्ञान' असा कोपरा मांडायचा. आई, बाबा, आजी, पोरं, सगळ्यांनी टेबलापाशी यायचं आणि स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहायचं. कल्पना मला मनापासून आवडली. 'तुम्ही पीएच.डी. करताय ना ताई, मग एक टेबल तुमचं,' असं म्हणून मंडळाच्या दादांनी माझं नाव लिहूनही टाकलं. सोबत कॉलेजची पाच-सहा पोरं होती. मानधन म्हणून वडापाव आणि चहा.

टेबलं अशी होती: खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबाची बॅटरी, कॉर्नफ्लोअरचा घट्ट-पातळ चिखल, हळदीचा कागद आणि पाण्यातली मेणबत्ती. मेणबत्तीचं टेबल माझ्याकडे होतं.

हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी शाळेत पाहिलेला असणार. ताटलीत रंगीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि वर काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात वर चढतं. पोरं ओरडतात, आई-बाबा मोबाईल वर करतात, आणि मग आपण स्पष्टीकरण देतो. तीन संध्याकाळी मी जे स्पष्टीकरण दिलं ते असं: 'हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो. मेणबत्तीने तो वापरला, तिथे जागा रिकामी झाली, म्हणून पाणी वर चढलं. बघा, ग्लासाच्या बरोबर पाचव्या हिश्श्याएवढं!'

दुसऱ्या संध्याकाळी साधारण नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आईसोबत आली होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'ताई, दोन मेणबत्त्या ठेवल्या तर?'

मागे रांग होती. शेजारच्या मंडळाचा स्पीकर चालू होता. मी म्हटलं, 'तरी तेवढंच चढेल, कारण ऑक्सिजन तेवढाच आहे ना. चला, आता मागच्यांना बघू द्या.'

उत्तर तर्काला धरून होतं. अडचण एवढीच की ते चुकीचं होतं. आणि मेणबत्त्यांचं अख्खं पाकीट टेबलाखाली पडलेलं होतं. करून बघायला एक मिनिट लागलं असतं.

चूक नेमकी कुठे आहे

घरी येऊन रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी हा प्रयोग पुन्हा केला. आई म्हणाली, 'मंडपात पोट भरलं नाही का?' आधी एक मेणबत्ती, मग तीन. तीन पेटवल्यावर पाणी स्पष्टपणे जास्त चढलं.

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, 'थांबा, तीन मेणबत्त्या स्वतःच जागा व्यापतात. आतली मोकळी जागा कमी झाली, म्हणून पाणी उंच दिसलं असेल.' शाबास! हाच प्रश्न पडायला हवा. म्हणून पुढची फेरी अशी केली: वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्या घेतल्या, दोन्ही वेळा आत तीनच ठेवल्या, पण एकदा फक्त एक पेटवली आणि एकदा तिन्ही. आता आतली जागा सारखी, हवा सारखी, ऑक्सिजन सारखा. बदललं ते फक्त पेटत्या ज्योतींची संख्या. तरीही तिन्ही पेटवल्यावर पाणी जास्तच चढलं. ऑक्सिजन संपल्यामुळे जागा रिकामी होते हे खरं असतं, तर फरक पडायला नको होता.

मग खरं कारण काय? गरम हवा. ग्लास वरून आणताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. ग्लास टेकताना कडेने बुडबुडे निघतानाही दिसतात, म्हणजे थोडी हवा बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. नीट पाहिलंत तर पाणी मुख्यतः ज्योत विझताना आणि विझल्यानंतर झपकन चढतं. ऑक्सिजन वापरला जातो म्हणून चढत असतं, तर ज्योत जळत असताना हळूहळू, एकसारखं चढलं असतं. हे निरीक्षण तीन संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी पाहिलं, पण मला दिसलं नाही.

आता थोडं गणित, कारण आपण रसायनशास्त्राची माणसं. मेणबत्तीचं मेण म्हणजे ढोबळमानाने २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन असलेला अल्केन धरू. त्याचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २५ आणि पाण्याचे २६ रेणू तयार होतात. पाण्याची वाफ सगळी थंड होऊन पाणी झाली असं मानलं, तरी ३८ भाग वायू गेला आणि २५ भाग परत आला. म्हणजे वापरलेल्या ऑक्सिजनच्या फक्त एक तृतीयांश एवढीच जागा खरी रिकामी होते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे बरोबर, पण एवढ्या थोड्या वेळात फारसा नाही.

दुसरं म्हणजे ऑक्सिजन संपतच नाही. बंद जागेत मेणबत्ती साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते. म्हणजे २१ मधले फार तर पाचेक टक्के वापरले गेले. त्याचा एक तृतीयांश म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. दहा सेंटिमीटर उंच ग्लासात या कारणाने पाणी चढायला हवं जेमतेम दोन मिलिमीटर. चढतं त्याच्या कितीतरी पट.

मग 'बरोबर पाचवा हिस्सा' कसा येतो? हा निव्वळ योगायोग आहे, आणि फार फसवा योगायोग आहे. ग्लास टेकताना आतली हवा सरासरी ९०-१०० अंश सेल्सिअस असेल आणि ती ३० अंशांपर्यंत थंड झाली, तर केल्व्हिनमध्ये मांडून बघा: तिचं आकारमान जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होतं. चुकीच्या कारणाने अपेक्षित आकडा बरोबर आला की माणूस पुढे काही तपासत नाही. संशोधनात आकडा जुळला नाही तर आपण चिडून शोधतो. जुळला की झोपतो.

मी काही नवीन शोधलेलं नाही. या प्रयोगाचं वर्णन दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या बायझँटियमच्या फिलोपर्यंत मागे नेता येतं. चुकीचं स्पष्टीकरण इतकं चिवट आहे की १९९९ साली 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये बर्क आणि लॉसन यांनी खास याच गैरसमजाच्या चिवटपणावर लेख लिहिला. लेख होता, माझ्या लॅपटॉपवर तो उघडायची सोय होती, आणि तरी मी मंडपात उभी राहून शाळेतलं पाठ केलेलं वाक्य सांगत होते.

'प्रयोग' या शब्दाची गंमत

मराठीत 'प्रयोग' दोन ठिकाणी होतो, प्रयोगशाळेत आणि नाट्यगृहात. नाटकाच्या प्रयोगात शेवट ठरलेला असतो. कालच्या प्रयोगात जे झालं तेच आज व्हायला हवं, नाहीतर प्रयोग फसला. प्रयोगशाळेतल्या प्रयोगात शेवट माहीत असेल तर तो करायचाच कशाला?

उत्सवातली आपली टेबलं बहुतेक वेळा नाट्यगृहातले प्रयोग असतात. ज्वालामुखी उसळणार हे ठरलेलं, दिवा लागणार हे ठरलेलं, टाळी कुठे पडणार तेही ठरलेलं. यात वाईट काही नाही. नाटक बघायला मलाही आवडतं, कालिदास कलामंदिरात वर्षातून दोन-तीनदा तरी जाणं होतं. माझी तक्रार एवढीच की नाटकाला नाटक म्हणा. बाहेर 'स्वतः करा, स्वतः शिका' असा फलक लावायचा आणि आत पोराच्या हातात फक्त व्हिनेगरची वाटी द्यायची, याला 'हात लावणं' म्हणतात. 'करून पाहणं' वेगळं.

आणि हा फरक फक्त माझ्या मनाचा नाही. २००४ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या गटाचा एक पेपर आला. प्रश्न साधा होता: वर्गात दाखवलेली प्रात्यक्षिकं शिकवतात की फक्त करमणूक करतात? त्यांना दिसलं ते असं: ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, त्यांची समज प्रात्यक्षिक न पाहिलेल्यांपेक्षा फारशी बरी नव्हती. ज्यांनी पाहण्याआधी 'काय होईल' याचा अंदाज बांधला, त्यांना मात्र फायदा झाला. फरक होता तो काही मिनिटांचा. जास्त महागडं साहित्य नाही, जास्त मोठा स्फोट नाही.

शिक्षणशास्त्रात याला 'अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण' अशी तीन पायऱ्यांची पद्धत म्हणतात. व्हाइट आणि गन्स्टन यांनी १९९२ च्या पुस्तकात ती नीट मांडली आहे. आमच्या मंडपात मधली पायरी तेवढी होती. पहिली आम्ही गाळली, तिसरी मीच बोलून टाकली. आणि ती मुलगी न सांगता पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली होती. तिला तिथून मी खाली उतरवलं.

हीच चूक मी लॅबमध्ये केली होती

हा भाग खास तुमच्यासाठी, जे पेटची तयारी करताय किंवा नुकतेच रजिस्टर झालाय.

माझं काम सच्छिद्र पदार्थांवर आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक उत्प्रेरक बनवला, तो मेथिलीन ब्लूच्या द्रावणात टाकला आणि दिव्याखाली ठेवला. निळा रंग फिकट होत गेला. मी आनंदाने आलेख काढले: माझ्या उत्प्रेरकाने प्रकाशात रंग तोडला! ग्रुप मीटिंगमध्ये मॅडमनी एकच प्रश्न विचारला, 'अंधारात ठेवून पाहिलंस का?'

नव्हतं पाहिलं. पाहिलं तेव्हा कळलं की अंधारातही द्रावण बऱ्यापैकी फिकट होतं, कारण रंगाचे रेणू माझ्या पदार्थाच्या छिद्रांत नुसते जाऊन बसत होते. तुटत नव्हते, चिकटत होते. शिवाय उत्प्रेरक न घालता नुसत्या दिव्याखाली रंग किती उडतो, तेही मोजायला हवं होतं. कित्येक महिन्यांचे आलेख पुन्हा काढावे लागले.

मेणबत्तीच्या टेबलावरची चूक तंतोतंत हीच आहे. परिणाम दिसला, ओळखीचं कारण हाताशी होतं, दोन्ही जोडून टाकलं. 'ते कारण काढून घेतलं तरी परिणाम होतो का?' हे विचारलंच नाही. मेणबत्तीशिवाय नुसता ग्लास गरम पाण्याने चांगला तापवून, पाणी ओतून लगेच ताटलीत उपडा घाला. कुठेही काही न जळता पाणी चढतं. हा झाला कंट्रोल. खर्च शून्य.

म्हणून मी म्हणते, उत्सवातल्या विज्ञानाची चिकित्सा 'लहान मुलांचं आहे, चालतंय' म्हणून सोडून देऊ नका. आपण लॅबमध्ये जे करतो त्याची सवय तिथेच लागते. बरी सुद्धा आणि वाईट सुद्धा.

घरचे आले, पण टेबलाच्या कोणत्या बाजूला?

आता कोपऱ्याच्या नावातल्या 'घरच्यांसोबत' या शब्दाकडे वळू. घरचे आले होते, खूप आले होते. पण बहुतेक आई-बाबा टेबलापासून हातभर मागे, मोबाईल धरून. 'बाळा, इकडे बघ. हां, आता ओत.' पोराच्या हाताला धरून बाबाच व्हिनेगर ओततायत, असंही बरंच दिसलं.

आणखी एक गोष्ट मला खटकली. भाऊ-बहीण सोबत आले की मोठी माणसं मुलाला समजावून सांगत होती आणि मुलीला 'हात नको लावू, सांडेल' म्हणत होती. लगेच सांगते, हा डेटा नाही. मी मोजलेलं नाही, कुणाशी तुलना केलेली नाही, आणि एकदा मनात आलं की तेवढंच दिसायला लागतं. पण जिथे मोजलंय तिथे काय सापडलं? २००१ साली क्रॉली, कॅलनन आणि सहकाऱ्यांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या संग्रहालयात कुटुंबं एकत्र प्रदर्शन हाताळत असताना काय बोलतात, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. आई-बाबा मुलींच्या तुलनेत मुलांना 'का' आणि 'कसं' हे समजावून सांगण्याची शक्यता तिप्पट होती. मुली तितक्याच उत्सुकतेने हाताळत होत्या. फरक स्पष्टीकरणात होता.

तो अभ्यास अमेरिकेतला आहे, नाशिक रोडला तसाच लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला शिक्षणशास्त्रात किंवा समाजशास्त्रात विषय शोधायचा असेल, तर हा घ्या. परवानग्या नीट घ्या. लहान मुलांचं बोलणं रेकॉर्ड करायचं तर पालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, दोन्ही लागतात. मंडपात मोबाईल चालू करून बसलात तर तो अभ्यास होत नाही.

घरच्यांबद्दलची खरी संधी हळदीच्या टेबलावर वाया गेली. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत रंग बदलतं. आमचा एक स्वयंसेवक हे तन्मयतेने एका आजींना सांगत होता. आजी हसून म्हणाल्या, 'अरे, साडीवर वरण सांडल्यावर साबण लावला की डाग लाल होतो, ते रे हे. मग धुतला की परत पिवळा.' आणि शेजारच्या बाईंना सांगायला लागल्या की त्यांच्या लहानपणी घरी हळदीचं कुंकू कसं करायचे.

तो स्वयंसेवक काय म्हणाला? 'हो आजी, तेच. तर आता हे लिटमससारखं काम करतं...' आणि पुढचं वाक्य चालू. टेबलावर सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती समोर उभी होती आणि आपण तिला प्रेक्षक करून टाकलं. खरं तर तिथे आजींना खुर्ची देऊन टेबलाच्या आतल्या बाजूला बसवायला हवं होतं.

मग चांगलं कुठे दिसतं?

नुसत्या तक्रारी करणं सोपं असतं. म्हणून आपल्या आसपासची तीन उदाहरणं.

पहिलं, अरविंद गुप्तांची खेळणी. आयआयटी कानपूरचे अभियंते. टेल्कोमध्ये असताना १९७८ साली ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे सांगाडे तिथून सुरू झाले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचं कौतुक 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून होतं, पण माझ्या मते त्यांची खरी ताकद वेगळी आहे: ती खेळणी बदलता येतात. स्ट्रॉची पिपाणी घ्या. वाजवता वाजवता कात्रीने टोक कापत गेलात की सूर चढत जातो. पोरगं आपणहून विचारतं, 'अजून कापलं तर?' आणि लगेच कापतं. काड्यांचा चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. मग चौकोनात एक तिरकी काडी घातली तर? उत्तर हातात आहे, कुठल्या ताईला विचारायची गरज नाही.

दुसरं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्कारांचे कार्यक्रम. पाण्याने दिवा पेटतो, कारण खाली कॅल्शियम कार्बाइड ठेवलेलं असतं आणि पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. हाही नाटकाचाच प्रयोग, पण प्रामाणिक. कारण 'यात हातचलाखी आहे आणि ती तुम्हाला दाखवणार' हा त्या कार्यक्रमाचा उद्देशच असतो. प्रेक्षक घरी जाताना डोळे विस्फारून नाही, तर किंचित संशयी होऊन जातो.

तिसरं, खोडद. नाशिक रोडहून पुणे रस्त्याने सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत नारायणगावला गेलं की जवळच जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे सगळ्यांसाठी दारं उघडतात. आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात, शाळा-कॉलेजची पोरं आपापली मॉडेल्स मांडतात. मी बी.एस्सी.ला असताना गेले होते. मॉडेल्स मला फारशी आठवत नाहीत. आठवतो तो एक संशोधक. शेतकरी काकांनी त्याला काहीतरी विचारलं आणि तो म्हणाला, 'हे आम्हालाही अजून नक्की माहीत नाही, तेच शोधतोय.' काकांना राग आला नाही. उलट ते आणखी जवळ सरकले. 'माहीत नाही' हे उत्तर मी मंडपात तीन दिवसांत एकदाही दिलं नाही.

आपल्या भागात काय करता येईल

मंडळाच्या बैठकीत दादांनी विचारलं, 'मग पुढच्या वर्षी काय ठेवायचं ते सांगा.' मी दोन टेबलं सुचवली.

एक, पाण्याचं. आपल्याकडे कुणाच्या सोसायटीत बोअर, कुणाकडे महापालिकेचा नळ, कुणाकडे आरओ. प्रत्येक घराने बाटलीभर पाणी आणायचं. सारख्या मापाचं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात अंगाच्या साबणाचं द्रावण थेंब थेंब टाकायचं, हलवायचं, आणि फेस मिनिटभर टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. पाणी जितकं जड तितके थेंब जास्त. डिटर्जंट घ्यायचं नाही, तो जड पाण्यातही फेस देतो. आणि पहिली बाटली शुद्ध पाण्याची, म्हणजे दुकानात बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. हा ब्लँक. थेंब आधी किती लागतील याचा अंदाज प्रत्येकाने फळ्यावर लिहायचा, मग मोजायचं. इथे मला उत्तर माहीत नसेल, कारण तुमच्या बोअरचं पाणी मी कधी तपासलेलं नाही. आणि गीझरला पांढरा थर कुणाच्या घरी किती लवकर चढतो, हे घरातल्या बाईमाणसाला माझ्याहून चांगलं माहीत असेल.

दोन, नोटेचं. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आपल्या नाशिक रोडला आहे. 'प्रेसमध्ये होतो' असं सांगणारे आजोबा आमच्याकडे गल्लोगल्ली भेटतात. रिझर्व्ह बँकेने जी वैशिष्ट्यं लोकांसाठी जाहीर केलेली आहेत तेवढीच घ्यायची: पाचशेची नोट तिरकी केल्यावर धाग्याचा हिरवा रंग निळा होतो, अतिनील प्रकाशात नंबर आणि कागदातले तंतू चमकतात. मग त्याच टॉर्चखाली वहीचा कागद, पांढरा शर्ट, साबणाची पावडर आणि नोट शेजारी शेजारी ठेवायची. वही आणि शर्ट निळसर उजळतात, नोटेचा कागद मात्र काळपटच राहतो. का? वहीत आणि पावडरीत चमक आणणारी रसायनं घातलेली असतात, नोटेच्या कापसाच्या कागदात ती नसतात. पण हे आधी सांगायचं नाही. दहा वस्तू ठेवायच्या आणि कोणत्या चमकतील ते आधी ठरवायला सांगायचं. टॉर्च डोळ्यांत मारायचा नाही, तो मोठ्यांच्या हातात राहील. चला, मोबाईल सोडून हातात धरायला त्यांनाही काहीतरी मिळालं.

दोन्ही टेबलांना ज्वालामुखीपेक्षा वेळ जास्त लागेल आणि रांग हळू सरकेल. मंडळाला हे पटायला जड जातं, कारण शेवटी विचारतात, 'किती लोक येऊन गेले?' आमच्या अभिप्रायाच्या कागदावरही एकच प्रश्न होता, 'कार्यक्रम आवडला का?' आणि खाली पाच तारे. जवळपास सगळ्यांनी पाच दिले. मीही दिले असते. पण हा आकडा मंडपातल्या आनंदाचा आहे, समजेचा नाही. संशोधनात आपण याला वैधतेचा प्रश्न म्हणतो: जे मोजायचं ठरवलंय तेच मोजतोय का? पाच ताऱ्यांऐवजी 'घरी जाऊन काय बदलून पाहाल?' एवढा एकच प्रश्न विचारला असता आणि उत्तरं वाचली असती, तरी पुष्कळ कळलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळबद्दल सांगायचं राहिलं. वर मी लिहिलंय की चुकीचं स्पष्टीकरण मी तीन संध्याकाळी दिलं. तुमच्या लक्षात आलं असेल, ओट्यावरचा प्रयोग तर मी दुसऱ्याच रात्री केला होता. म्हणजे तिसऱ्या दिवशी मला माहीत होतं. तरी पहिल्या तासभर मी जुनंच सांगितलं. गर्दी होती, फलकावर 'ऑक्सिजनची कमाल' असं छापलेलं होतं, आणि स्वतः छापलेल्या फलकासमोर उभं राहून 'हे चूक आहे' म्हणायला धीर लागतो. तो साधारण आठ वाजता आला. मग मी फलक उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने लिहिलं, 'किती मेणबत्त्या लावल्यावर पाणी जास्त चढेल? आधी सांगा,' आणि पाकीट फोडलं. रांग लांबली, दादा दोनदा येऊन बघून गेले.

ती मुलगी काही पुन्हा आली नाही. तिचं नाव मला माहीत नाही. कुठल्यातरी घरात माझं चुकीचं उत्तर 'पीएच.डी.वाल्या ताईने सांगितलंय' म्हणून पक्कं बसलेलं असेल. पेपरमध्ये चूक झाली तर दुरुस्ती छापता येते. इथे कुठे छापणार?

तुम्हाला एक काम देते. तीन बारीक मेणबत्त्या, एक ताटली, एक ग्लास. आधी अंदाज वहीत लिहा, तारीख टाका, मग करा. आणि घरातल्या लहानांना सोबत घ्या. ते मध्येच काही विचारतील, तेव्हा उत्तर देऊ नका. पाकीट त्यांच्या हातात द्या.